विरजण कोण राखतं?

आजच्या भाषणाचं रेकॉर्डिंग सुरू होण्याआधी एक तरुण अधिकारी मला हळूच म्हणाले, "सर, सकाळची वेळ आहे, घरात सगळे एकत्र ऐकतात. जरा सांभाळून बोलाल ना?" मी म्हटलं, सांभाळूनच बोलेन, पण शब्द चोरणार नाही. शुक्रजंतू हा शब्द शाळेच्या पुस्तकात आहे आणि वृषण हा शब्द शेळ्या-बैल पाळणाऱ्या कुठल्याही घरात नवा नाही. अवयवाचं नाव घ्यायची लाज वाटली की त्याचं दुखणंही लपवलं जातं. प्राणिशास्त्र शिकवण्यात जन्म गेला, त्यात हे मी फार वेळा पाहिलं आहे.

मी एम.एस्सी.ला होतो तेव्हाची गोष्ट. प्रॅक्टिकलला उंदराच्या वृषणाची काचपट्टी मिळाली. सूक्ष्मदर्शकाखाली तो काप उसाची मोळी आडवी चिरावी तसा दिसतो. गोल गोल नळ्या एकमेकींना खेटून बसलेल्या. प्रत्येक नळीच्या कडेला गोलसर, काळपट पेशींची एक रांग. तिथून आत जावं तसतशी पेशींची रूपं बदलत जातात आणि मध्यभागी शेपट्यांचे झुपके दिसतात. ते तयार झालेले शुक्रजंतू. मी मोठ्या हौसेनं चित्र काढलं, बाण दाखवले, नावं दिली. सर आले, चित्र पाहिलं आणि कडेच्या एका पेशीवर पेन्सिल टेकवून म्हणाले, "ही विभागली, दोन झाल्या. दोन्ही आत सरकल्या, त्यांचे शुक्रजंतू झाले आणि निघून गेले. मग उद्या काय?" मी गप्प. सर हसले. म्हणाले, "घरी गेलास की आईला विचार, विरजण कसं राखते ते."

दही रोज लागतं, पण भांडं कोणी पुसून खात नाही. एक चमचा मागे राहतो आणि त्यावर उद्याचं दही लागतं. पुरुषाच्या शरीरात दर सेकंदाला हजाराच्या घरात शुक्रजंतू तयार होतात आणि वयात आल्यापासून म्हातारपणापर्यंत हे चालू राहतं. म्हणजे त्या नळ्यांच्या कडेला कोणीतरी विरजण राखत असलं पाहिजे. अशी पेशी, जी विभागून शुक्रजंतूंकडे जाणारी संततीही देते आणि स्वतःसारखी एक मागेही ठेवते. तिला मूलपेशी म्हणतात, वर्तमानपत्रांत स्टेम सेल. मात्र ती नेमकी कोणती आणि मागे कोण राहायचं हे ठरतं कसं, या प्रश्नावर शंभर वर्षं वाद झाला. त्या वादाचा इतिहास मला आज सांगायचा आहे, कारण त्याची किंमत काही माणसांनी आपल्या शरीरानं मोजली आहे.

सुरुवात भरभर सांगतो. १६७७ साली हॉलंडमध्ये लेवेनहुक यांनी शुक्रजंतू पहिल्यांदा पाहिले. हे वळवळणारे जीव म्हणजे वीर्यातले कृमी असावेत, असं पुढे दीडशे वर्षं अनेकांना वाटे. १८४१ मध्ये कोलिकर या स्विस शास्त्रज्ञानं दाखवलं की ते कृमी नव्हेत, वृषणातल्याच पेशींपासून ते बनतात. १८६५ मध्ये इटलीत एन्रिको सेर्तोली या अवघ्या तेविशीच्या तरुणानं नळीतल्या उंच, फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या पेशी शोधल्या. वाढणाऱ्या बीजपेशींना कुशीत धरून पोसणारी ती दाई. तिची गाठ आपल्याला पुन्हा पडणार आहे.

मूलपेशीचा पहिला खरा सुगावा लागला तो क्ष-किरणांमुळे. क्ष-किरण १८९५ मधले. १९०३ मध्ये हॅम्बुर्गच्या आल्बर्स-शोनबर्ग यांच्या लक्षात आलं की क्ष-किरण दिलेले ससे आणि गिनीपिग नर एरवी अगदी ठणठणीत असतात, मादीशी संगही करतात, पण त्यांना पिल्लं होत नाहीत. १९०६ मध्ये बोर्दोच्या बेर्गोनिए आणि त्रिबोन्दो या दोघांनी उंदरांच्या वृषणावर प्रयोग केले आणि नियम मांडला: पेशी जितकी जास्त विभागणारी आणि जितकी कमी घडलेली, तितकी ती किरणांना लवकर बळी पडते. कर्करोगावरच्या किरणोपचाराच्या पुस्तकांत हा नियम अजून छापतात. तो उंदराच्या वृषणातून आला, हे मात्र किरणोपचार घेणाऱ्या कोणालाही ठाऊक नसतं. बेर्गोनिए स्वतः १९२५ मध्ये किरणांनीच झालेल्या कर्करोगानं गेले.

याच काळात फ्रान्समध्ये क्लोद रेगो नावाचे शास्त्रज्ञ होते. १९०१ मध्ये त्यांनी उंदराच्या नळीतल्या कडेच्या पेशींचं इतकं बारकाईनं वर्णन केलं होतं की पुढची पन्नास वर्षं त्यात फार भर पडली नाही. पुढे ते पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये गेले. भौतिकशास्त्राचा विभाग मारी क्युरींकडे आणि जीवशास्त्राचा रेगोंकडे, अशी तिथली वाटणी होती. रेगोंनी मेंढ्यांवर प्रयोग केले. एकाच बैठकीत भरपूर किरण दिले तर वरची कातडी भाजून निघे, तरी मेंढा पुरता वांझ होत नसे. तीच मात्रा थोडी थोडी करून काही दिवसांच्या अंतरानं दिली, तर कातडी शाबूत राहून मेंढा कायमचा वांझ होई. कातडीला मधल्या काळात सावरायला वेळ मिळतो. वृषणातली जी पेशी आज विश्रांती घेत असल्यामुळे वाचली, ती उद्या विभागताना सापडते. रेगोंनी विचार केला, कर्करोगाची गाठही अशीच सतत विभागणारी असते, मग तिलाही हेच लागू पडेल. आपल्याकडे ज्याला 'शेक' म्हणतात तो रुग्णाला आजही रोज थोडा थोडा करून पंचवीस-तीस बैठकांत देतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयाबाहेर शेकाची पाळी धरून बसलेल्यांचं हे वेळापत्रक निघालं आहे ते मेंढ्याच्या मूलपेशींवरून.

पण ती मूलपेशी दिसते कशी, हे रेगोंनाही नक्की सांगता आलं नाही. कडेच्या सगळ्याच पेशी इथून तिथून सारख्या.

इथे दोन माणसं येतात. कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातले शार्ल लब्लाँ आणि त्यांचे सहकारी इव्ह क्लेरमाँ. त्यांनी एक रंग वापरला, ज्यानं तयार होणाऱ्या शुक्रजंतूच्या डोक्यावरची टोपी गुलाबी-जांभळी दिसते. टोपी किती वाढली यावरून शुक्रजंतूचं 'वय' कळतं, आणि त्या वयाच्या शुक्रजंतूंसोबत कडेला कोणत्या पेशी बसल्या आहेत हेही पाहता येतं. १९५२ मध्ये त्यांनी दाखवलं की उंदराच्या नळीत या पेशींचे १४ ठराविक मेळ असतात, ते ठराविक क्रमानं येतात आणि सुमारे १३ दिवसांनी फेरी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. जात्यासारखी. १९५३ मध्ये त्यांनी प्रत्येक टप्प्यावरच्या कडेच्या पेशी अक्षरशः मोजल्या. निष्कर्ष असा की दर फेरीत काही पेशी पुढे जातात, काही मागे थांबतात आणि पुढची फेरी सुरू करतात. शरीरातला एखादा अवयव आपली मूलपेशी स्वतःच कशी राखतो, याची पेशी मोजून मांडलेली ही फार आधीची उदाहरणं. रक्ताच्या मूलपेशींचे गाजलेले प्रयोग यानंतरचे, १९६१ चे.

मला या मोजण्याचं फार अप्रूप वाटतं. ना संगणक, ना चमकणारी प्रथिनं. डोळा लावायचा, मोजायचं, वहीत लिहायचं.

पण मोजून 'काहीजण मागे राहतात' हे कळतं, 'कोण' ते कळत नाही. १९६८ मध्ये क्लेरमाँनी नळ्या कापण्याऐवजी सुट्या करून अख्ख्या काचेवर पसरल्या, म्हणजे कडेची रांग आडव्या कापात दिसण्याऐवजी वरून अंगणासारखी दिसू लागली. त्यांचं मत झालं की मूलपेशी दोन प्रकारच्या आहेत: एक रोजच्या कामाच्या आणि दुसऱ्या राखीव, झोपून राहणाऱ्या, संकट आलं तरच उठणाऱ्या. १९७१ मध्ये क्लेअर हकिन्स आणि ओक रिज प्रयोगशाळेतले ओकबर्ग या दोघांनी वेगवेगळं काम करून निराळाच निर्वाळा दिला. पेशी विभागली की पुष्कळदा पूर्ण सुटी होत नाही, दोघींमध्ये एक बारीक पूल राहतो. त्या दोनाच्या चार, चाराच्या आठ, आठाच्या सोळा होतात आणि मण्यांची माळ बनते. माळ झाली की वाट एकच, शुक्रजंतू. मूलपेशी ती, जी एकटी आहे, जिला कोणाशी पूल नाही. पुढे मोजणी झाली तेव्हा उंदराच्या एका वृषणात अशा एकट्या पेशी सुमारे ३५,००० निघाल्या. तिथल्या दर तीनेक हजार बीजपेशींमागे एक.

मूषकांपुरतं हकिन्सबाईंचं म्हणणं बहुतेकांनी मान्य केलं आणि माझ्या पिढीनं वर्गात तेच शिकवलं: एकटी पेशी म्हणजे मूलपेशी, माळेत गेली ती गेली. मीही फळ्यावर माळा काढल्या आहेत.

माणसाचं काय? १९६३ मध्ये कार्ल हेलर आणि क्लेरमाँ यांनी स्वयंसेवकांमध्ये किरणोत्सारी खुणेचा पदार्थ वापरून माणसाच्या वृषणातला काळ मोजला. मूलपेशीपासून शुक्रजंतूपर्यंत साधारण ६४ दिवस. पुढे बाहेर पडेपर्यंतचा प्रवास वेगळा. वीर्यतपासणी बिघडली तर डॉक्टर 'तीन महिन्यांनी पुन्हा करू' म्हणतात, त्यामागे हा हिशेब आहे.

याच हेलर यांची दुसरी गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. १९६३ पासून १९७३ पर्यंत अमेरिकेत ऑरेगन राज्याच्या तुरुंगातल्या ६७ कैद्यांच्या वृषणांवर त्यांनी क्ष-किरण सोडले. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात दुसऱ्या एका डॉक्टरांनी आणखी ६४ कैद्यांवर तसाच प्रयोग केला. पैसा सरकारच्या अणुऊर्जा आयोगाचा. अणुभट्टीत काम करणाऱ्याला किंवा अंतराळात जाणाऱ्याला किती किरण सोसतील, हे त्यांना हवं होतं. कैद्यांच्या सह्या होत्या, त्यांना पैसेही मिळत. वृषणाचे तुकडे पुन्हा पुन्हा काढून तपासले जात आणि शेवटी नसबंदी करून घ्यायचं त्यांनी कबूल केलेलं असे, कारण किरण लागलेल्या बीजातून मूल होऊ नये. तुरुंगाच्या चार भिंतींत दिलेला होकार कितपत होकार म्हणायचा? अध्यक्ष क्लिंटन यांनी नेमलेल्या समितीनं १९९५ च्या अहवालात या प्रकरणाची सविस्तर नोंद घेतली.

१९७४ मध्ये हेलर यांच्या गटाचे आकडे प्रसिद्ध झाले. मात्रा ८ पासून ६०० रॅडपर्यंत. १०० रॅडपर्यंत शुक्रजंतू परत यायला ९ ते १८ महिने, २०० ते ३०० ला अडीच वर्षं, ४०० ते ६०० ला पाच वर्षं किंवा अधिक. म्हणजे मूलपेशी उद्ध्वस्त झाली तरी काही उरतात आणि त्या उरलेल्या आधी आपली संख्या वाढवतात, मग कामाला लागतात. रान जळाल्यावर खोडातून फुटवे यावेत तसं. माणसाच्या मूलपेशी स्वतःला कशा सावरतात याचा याहून थेट पुरावा नाही, आणि आजही कर्करोगाचे डॉक्टर रुग्णाला 'दोन-तीन वर्षांनी कदाचित' असं सांगतात तेव्हा त्यांच्यासमोर हेच आकडे असतात. ते वापरावेत की नाही, यावर मी विद्यार्थ्यांशी अनेकदा वाद घातला. वापरावेत, असं माझं मत आहे. पण ते कोणाच्या अंगावरून आले हे सांगून वापरावेत.

इथवर एक मोठी उणीव होती. 'ही मूलपेशी' असं बोट दाखवायचं तर ते केवळ रूपावरून. एखाद्या चमच्यातलं ते विरजणच आहे हे सिद्ध कसं करायचं? दूध लावून पाहायचं. १९९४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले राल्फ ब्रिन्स्टर यांनी तेच केलं. ब्रिन्स्टर शिक्षणानं पशुवैद्य. त्यांनी अशा उंदराच्या वृषणातल्या पेशी घेतल्या, ज्या एका रसायनात बुडवल्या की निळ्या दिसतात. दुसऱ्या, वांझ उंदराच्या नळीत काचेच्या केसासारख्या सुईनं त्या सोडल्या. काही महिन्यांनी पाहिलं तर नळ्यांमध्ये निळे पट्टे. कडेपासून मध्यापर्यंत सगळी उतरंड निळी आणि मध्ये निळे शुक्रजंतू. जिथे पट्टा तिथे मूलपेशी रुजलेली. सोडल्या नळीच्या मध्यात, पण सेर्तोलीच्या दाईपेशींच्या घट्ट भिंतीतून वाट काढून त्या कडेला आपल्या जागी जाऊन बसल्या. या उंदरांना पिल्लं झाली आणि ती दात्याच्या वंशाची निघाली.

१९९६ मध्ये मोठ्या उंदराच्या, म्हणजे रॅटच्या पेशी लहान उंदरात सोडल्या, तर लहान उंदरात रॅटचे शुक्रजंतू तयार झाले. आणि त्यांनी वेळ पाळली ती रॅटची. घर उंदराचं, पण घड्याळ बीजाचं. ससा, कुत्रा अशा दूरच्या प्राण्यांच्या पेशी उंदरात जगल्या, टिकल्या, पण शुक्रजंतूंपर्यंत गेल्या नाहीत. माणसाच्याही तशाच. कोणी घाबरून जाऊ नये म्हणून मुद्दाम सांगतो.

वांझ उंदीर कुठून आणले, हेही लक्षात ठेवा. काही जन्मतःच वांझ होते. इतरांच्या बीजपेशी औषध देऊन मारल्या होत्या. त्या औषधाचं नाव बुसल्फान.

आता मागे कोण राहायचं हे ठरवतं कोण? २००० मध्ये हेलसिंकीच्या सारिओला यांच्या गटानं दाखवलं की सेर्तोलीची दाईपेशी एक प्रथिन पाझरते, जीडीएनएफ. हे आधी मेंदूच्या संशोधनात सापडलं होतं. उंदरात त्याचं प्रमाण कमी केलं तर मूलपेशी संपत जातात, कारण सगळ्याच पुढे निघून जातात. जास्त केलं तर कोणीच पुढे जात नाही, कडेला नुसते ढीग साचतात. २००३ मध्ये जपानमध्ये शिनोहारा यांच्या गटानं याच प्रथिनाच्या जोरावर उंदराच्या या पेशी काचेच्या बशीत महिनोन्‌महिने वाढवल्या.

पण ज्या निष्कर्षानं माझी फळ्यावरची माळ पुसली, तो पुढचा. जपानचे शोसेई योशिदा यांनी जिवंत उंदराच्या वृषणातल्या चमकणाऱ्या पेशींकडे सूक्ष्मदर्शकातून सलग दिवसच्या दिवस पाहिलं. इतकी वर्षं आपण मेलेल्या, रंगवलेल्या पेशींवरून कथा जुळवत होतो. जिवंत चित्रात दिसलं की या पेशी रक्तवाहिन्यांच्या आसपास फिरत असतात, आणि माळा तुटतात. मधला पूल तुटतो, माळेतली पेशी पुन्हा एकटी होते आणि मूलपेशीचं काम करू लागते. पुढे गेलेली परत येते!

मग केंब्रिजचे बेन सायमन्स या भौतिकशास्त्रज्ञाच्या साथीनं त्यांनी २०१० मध्ये हिशेब मांडला. काही पेशींना कायमची खूण केली आणि तिचं कूळ महिनोन्‌महिने पाहिलं. आपल्या गावांतल्या आडनावांचं पाहा. दोनशे वर्षांपूर्वी दहा घरांची दहा आडनावं असतील, तर आज काही नामशेष झालेली असतात आणि एखाद्या आडनावानं अख्खी आळी भरलेली असते. त्या आडनावात काही विशेष असतं असं नाही, कोणाला मुलगे झाले, कोणाला नाही, इतकंच. गाल्टन आणि वॉटसन यांनी १८७४ मध्ये हेच गणित आडनावांसाठीच केलं होतं. उंदराच्या नळीत तंतोतंत तसं दिसलं. खूण केलेली बहुतेक कुळं नाहीशी झाली, उरली ती पसरत गेली, एकूण संख्या मात्र तेवढीच. म्हणजे प्रत्येक मूलपेशी विभागून 'एक मी, एक पुढची' असा नेम पाळत नाही. कधी दोन्ही पुढे जातात, तेव्हा शेजारीण दोन्ही मागे ठेवते.

पण मग संख्या तेवढीच कशी राहते? २०१९ मध्ये योशिदांच्याच गटानं याचं एक उत्तर दिलं. वाहिन्यांजवळच्या पेशी एफजीएफ नावाची प्रथिनं ठराविक प्रमाणात पाझरतात आणि मूलपेशी ती वापरून टाकतात. वस्ती वाढली की वाट्याला कमी येतं, काही पेशी पुढे निघून जातात. वस्ती घटली की उरलेल्यांना भरपूर मिळतं. गावात नळ एकच असला की किती घरं टिकतात, तसं हे. विरजणाचा चमचा आधीपासून ठरलेला नाही. भांड्यात जे उरलं ते विरजण.

सगळ्यांना हे मान्य आहे असं समजू नका. अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातले जॉन ओटली यांच्या गटाचं म्हणणं असं की एकट्या पेशींमध्ये एक खास गट आहे, आयडी-फोर हे प्रथिन भरपूर असलेला, आणि विरजण म्हणून लावून पाहिलं तर तोच सर्वांत चांगला रुजतो. मला वाटतं, दोघं वेगवेगळे प्रश्न विचारत आहेत. उपटून दुसरीकडे लावलं तर कोण रुजेल हा एक प्रश्न, आणि आपल्या जागी असताना कोण राखतं हा दुसरा. पण हे माझं मत, वाद मिटलेला नाही.

या चढाओढीला एक काळी बाजूही आहे. स्त्रीची बीजांडं तिच्या जन्माआधीच तयार असतात. पुरुषाची मूलपेशी मात्र आयुष्यभर विभागत राहते, आणि प्रत्येक नकलेत चूक होण्याची शक्यता असते. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४७ मध्येच हिमोफिलियाच्या घराण्यांवरून अंदाज केला होता की जनुकांतले नवे बदल बापाकडून अधिक येतात. हे हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले ते कायमचेच, १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. २०१२ मध्ये आइसलँडच्या ७८ कुटुंबांची जनुकं वाचून दिसलं की बापाच्या वयाच्या दर वर्षामागे मुलात सुमारे दोन नवे बदल जास्त येतात. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी. पण काही थोडे असे, की ज्या मूलपेशीत ते होतात तिलाच शेजारणींपेक्षा जोर मिळतो आणि तिचं कूळ नळीत पसरतं. ऑक्सफर्डच्या गोरिएली आणि विल्की यांनी हे दाखवलं. कवटीची हाडं लवकर जुळण्याचा एपर्ट नावाचा विकार अशा बदलातून येतो.

आता बुसल्फानकडे परत येतो. काही वर्षांपूर्वी एका गावी माझं व्याख्यान झालं. नंतर एक गृहस्थ थांबले. सगळे गेल्यावर म्हणाले, "सर, माझ्या मुलाला थॅलेसेमिया आहे. नऊ वर्षांचा आहे. बहिणीचा बोन मॅरो जुळलाय, आता करायचंय. एक विचारू का?" आणि विचारलं नाहीच. हातातला कागद पुढे केला. औषधांच्या यादीत बुसल्फान होतं. मॅरो बसवण्याआधी जुना मॅरो मोकळा करायला ते देतात. ब्रिन्स्टर यांच्या उंदरांना दिलेलं तेच औषध. त्यांचा प्रश्न मला कळला.

मोठा माणूस असता तर उपचाराआधी वीर्य गोठवून ठेवता येतं. नऊ वर्षांच्या मुलाकडे शुक्रजंतूच नसतात, असतात फक्त मूलपेशी. मी त्यांना खरं तेच सांगितलं. मुलाचा जीव आधी, त्यात दुमत नाही. औषधानं मूलपेशी बऱ्याच जातील, किती उरतील ते आधी सांगता येत नाही. आणि जगात काही ठिकाणी अशा मुलांच्या वृषणाचा छोटा तुकडा आधी काढून गोठवून ठेवतात, तर तुमच्या डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा. ते म्हणाले, "त्यांना कसं विचारायचं? मुलगा मरणाच्या दारात आणि बाप नातवाचं विचारतोय, असं नाही का वाटणार?" मी म्हटलं, नाही वाटणार. विचारा.

त्यांनी विचारलं की नाही, मला ठाऊक नाही. मुलगा बरा झाला, एवढं कळलं.

मधल्या काळात शास्त्र थोडं पुढे सरकलं. २०१८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत ग्रेडी नावाची माकडीण जन्मली. तिच्या बापाच्या वृषणाचा तुकडा तो वयात येण्याआधीच काढून गोठवला होता, पुढे त्याच्याच कातडीखाली लावला, तिथे शुक्रजंतू तयार झाले आणि त्यांतून ही झाली. तिचा जन्म झाला तो ऑरेगनमध्येच, तिथल्या राष्ट्रीय वानर संशोधन केंद्रात. २०२५ च्या सुरुवातीला ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी जाहीर केलं की दहा वर्षांचा असताना सिकल सेलच्या उपचाराआधी काढून ठेवलेला तुकडा, सोळा वर्षं गोठलेला, त्याच रुग्णाला त्यांनी परत बसवला आहे. त्याच वर्षी पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी, लहानपणी कर्करोगातून वाचलेल्या एका तरुणात त्याच्याच गोठवलेल्या पेशी सुईनं परत सोडल्याचा अहवाल दिला. ब्रिन्स्टर यांचीच रीत, तीस वर्षांनी माणसात. अहवाल लिहिला तोवर शुक्रजंतू दिसले नव्हते. रक्ताच्या कर्करोगात तर आणखी एक धास्ती असते, गोठवलेल्या तुकड्यातून कर्करोगच परत यायचा. थॅलेसेमियात ती नाही.

ते गृहस्थ दर दिवाळीला फोन करतात. मुलगा आता कॉलेजात आहे, उंच झालाय, क्रिकेट खेळतो म्हणतात. मी त्याच्या अभ्यासाची चौकशी करतो. त्यापुढचं ते काढत नाहीत, मीही काढत नाही. यंदा मात्र ब्रुसेल्सची बातमी त्यांना सांगायची, असं ठरवलं आहे.